पुरवण्यांवरचा तांडा

१४ जून २००२

पुण्याहून गठ्ठा परत आला. तिसरा. आत पु. बाईंची चिठ्ठी : "मनापासून लिहिलेलं आहे, पण हे आपल्याला नको." बरोबर आहे त्यांचं. दोन कवितासंग्रह, एक आत्मकथन. मी मागितलं काय, लोकांनी दिलं काय.

मागच्या वर्षी हिंगोलीच्या लेखन शिबिरात पु. बाई म्हणाल्या होत्या, "दलितांनी, भटक्यांनी लिहिलेल्या विज्ञानकथा, अद्भुतकथा मला हव्यात. सगळे म्हणतात, ते असलं लिहीत नाहीत. तू तुझ्या जिल्ह्यात लेखक शोध, प्रकाशक मी शोधते." लेखकाचं बाड प्रकाशकापर्यंत नेणं हाच त्यांचा पुण्यातला व्यवसाय. मी बाळापूरपर्यंत एस.टी.त उभी होते आणि पाय दुखले नाहीत. घरातली पहिली बी.ए., वाचनालयात अर्धवेळ, आणि वर हे काम.

वर्षभर फिरतेय. कल्पनेतलं काही लिहिलंय का, विचारलं की माणसं नजर चुकवतात. कळमनुरीचे एक गुरुजी म्हणाले, "ताई, आपल्यावर झालेलंच लिवून सरत न्हाई. न झालेलं कवा लिवावं?"

२५ जून

सापडला!

सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत गेले होते, मराठीच्या सरांना भेटायला. सर म्हणाले, "लेखक पायजे? हा काय, चहा घेऊन उभा हाय. आमचा राठोड मामा. बैलं आभाळात हाकतो." सगळी स्टाफरूम हसली. मामा शिपाई आहेत, पन्नाशीचे, जवळच्या तांड्यावरचे. ते कप वाटत राहिले.

मी मागून घंटेच्या खोलीत गेले. मामा म्हणाले, "काहून दाखवू? हसाया?" मी म्हटलं, मी बाळापूरच्या बौद्धवाड्यातली आहे, मामा, मी हसायला नाही आले. त्यांनी दाराबाहेर कोणी आहे का पाहिलं. मग पत्र्याच्या पेटीतून गठ्ठा काढला.

परीक्षेच्या पुरवण्या! दरवर्षी उरलेल्या कोऱ्या पुरवण्या. उत्तरपत्रिकेला बांधतात त्याच दोऱ्याने शिवलेल्या. वर आसन क्रमांकाची रिकामी चौकट, केंद्राचा शिक्का, आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षर. बारा वर्षांचं.

"उरलेल्या जाळून टाक म्हणतेत हेडमास्तर, दर साली. कोरा कागद मला जाळवत न्हाई, ताई."

१ जुलै

वाचून झालं. काय लिहू?

तांडा आहे, पण आभाळातला. लोखंडी बैल, त्यांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या. या ग्रहावरून त्या ग्रहावर लदेणी, म्हणजे बैलांवर लादलेल्या मालाची ने-आण, चाललीय, कारण मीठ सगळ्यांना लागतं. प्रत्येक ग्रहावर मीठ घेतात आणि सांगतात, मुक्काम बाहेर करा. वर बाहेर म्हणजे काय, तर काहीच नाही, नुसता काळोख. तिथे ते बैल गोल उभे करतात आणि मधे चूल पेटवतात. एक म्हातारी दोन ग्रहांच्या मधेच मरते. सगळा तांडा थांबतो. तांड्याचा प्रमुख, नायक, विचारतो, मधल्यामधे मेलेल्या माणसाला माती कुठली द्यायची? त्यावर साठ पानं आहेत. दरेक जण आपलं मत सांगतो. बैलसुद्धा.

असं मी कुठे वाचलेलं नाही.

९ जुलै

पु. बाईंचा फोन, वाचनालयात. महिनाअखेर प्रकाशकांबरोबर बैठक, बाड लगेच पाठव. झेरॉक्स काढायला गेले तर पेन्सिल उमटेचना. शिक्का आणि चौकट तेवढी काळीकुट्ट. हाताने उतरवायला घेतलं. एक्केचाळीस पानं झाली, तीनशेच्या वर राहिली. वेळ नाही. मामांना विचारलं, मूळ प्रत पाठवू का?

"पाठवा. तुमी शिकलेल्या हाव, तुमाला कळते."

रजिस्टर्ड केलं. सोबतच्या पत्राचा शेवट मी तीनदा लिहिला : "लेखक शाळेत शिपाई आहेत. परीक्षेत उरलेल्या पुरवण्यांवर, पोरांनी टाकलेल्या पेन्सिलीच्या तुकड्यांनी त्यांनी ही कादंबरी बारा वर्षे लिहिली. मूळ पाने मुद्दाम पाठवत आहे. हा कागदही पाहावा." चांगलं जमलंय पत्र.

१८ ऑगस्ट

पुण्याहून काही नाही. मामा एस.टी. स्टँडवर भेटले. दुसरं काही न बोलता, "म्हातारीपत्तोर आले का म्हणाव वाचत?"

११ सप्टें.

पत्र आलं. प्रकाशकांनी "चाळलं". पु. बाई लिहितात : "कल्पना चांगली आहे, पण इतक्या वर जायची काय गरज? यात त्यांचं दुःख कुठे आहे? वाचक विचारेल, बंजारा माणसाला तांड्यातलं सांगायला इतकं असताना तो ग्रहांवर का जातो? त्यांची स्वतःची गोष्ट मात्र विलक्षण. एका पत्रकार मित्राला पानं दाखवली. तो लिहितोय. त्याने वातावरण तयार होईल."

दुःख कुठे आहे म्हणे. मुक्काम बाहेर करा, हे वाचलं नाही का? का आम्ही ते पोलीस, दारू, उपास यांच्यासकट सांगितलं तरच दिसतं? मी याच बाईंचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, विज्ञानकथा हव्यात म्हणून.

तसं कळवायचं होतं. कळवलं : "आपले आभारी आहोत."

२२ सप्टें., रविवार

पेपरात आलं. अर्धं पान! मोठा फोटो, मामांचा नाही, पानाचा. शिक्का स्पष्ट वाचता येतो. मथळा : "कोऱ्या पुरवण्यांवर शिपायाचं स्वप्न". माझ्या पत्रातली वाक्यं तशीच्या तशी. कादंबरीबद्दल एक ओळ, "त्यांनी एक काल्पनिक कथाही लिहिली आहे."

माझं नाव आहे, आडनाव चुकलंय. बाबांनी कात्रण बनियनच्या खिशात घातलं आणि मोंढ्यात नेलं. पोती उचलायची सोडून सगळ्या हमालांना वाचून दाखवलं म्हणे. माय म्हणाली, "घाम लागून फाटंल की वो ते." तर म्हणाले, "फाटू दे. पाठ हाय मला."

३० सप्टें.

मामा निलंबित.

शिक्षण खात्याने शाळेला विचारलं, कोऱ्या पुरवण्या परीक्षा केंद्राबाहेर कशा? कॉपीवाले असंच करतात, कोरी पुरवणी आधी बाहेर काढायची, घरून लिहून आणायची, आत दोऱ्याने जोडायची. या केंद्रावर आधीच संशय होता. आता शिक्क्यासकट फोटो. मुख्याध्यापकांनी लिहून दिलं, "मी जाळण्याचा आदेश दिला होता, शिपायाने परस्पर लांबवल्या."

माझ्या पत्राने झालं. आम्ही सगळ्यांनी दहावी-बारावी त्याच पुरवण्यांवर दिली, कॉपीच्या भानगडी पाहत मोठे झालो, आणि मला एकदा सुचलं नाही. मला तो कागद फक्त सुंदर दिसला.

३ ऑक्टो.

तांड्यावर गेले. मामा घरी नव्हते. मामी दारातच. पाणी दिलं, बस म्हणाल्या नाहीत.

"बारा वर्सं त्यो लिवून राहिला, कुनाला तकलीफ झाली न्हाई. माझा मानूस बैलं घेऊन वर गेला व्हता, बाई. तुमी खाली पाडला."

मी माफी मागितली. "त्याचं काय करू?" म्हणाल्या. खरंच, त्याचं काय करणार त्या?

१९ ऑक्टो.

पु. बाईंना फोन केला, बाड निदान परत पाठवा. म्हणाल्या, "चौकशी अधिकाऱ्यांचं पत्र आलं, मी तिकडेच पाठवून दिलं. कायद्याचं आहे ना." एक पानही उतरवून न घेता? "अगं, तुझ्याकडे प्रत असेल असं वाटलं." मग आवाज उजळला. "ऐक. आता त्यांनी हे लिहायला हवं. निलंबन, अपमान, चौकशी. दीडशे पानं. प्रकाशक एका पायावर तयार आहेत. तू विचार त्यांना."

मी फोन ठेवला. वाचनालयाचे काका म्हणाले, "काय झालं गं?" काही नाही म्हटलं.

२ नोव्हें.

बाईंचं मामांना सांगितलं. सांगायला हवंच होतं, नकार देण्याचा हक्क त्यांचा. ते हसले, पहिल्यांदाच माझ्यासमोर. "सस्पेंड झालो हे तर हेडमास्तरनं बी लिवलंय. त्यांचंच छापा म्हणाव."

मग विचारलं, पानं कधी मिळतील. मी शिक्षण कार्यालयात चौकशी केली होती. मोहोरबंद पाकिटात आहेत. निकाल लागला की परीक्षेचं साहित्य नियमाप्रमाणे नष्ट करतात. हे तोंडून निघेना. निघालं.

"मंजे जाळतेत?"

मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी उतरवून घेते, पहिल्यापासून. त्यांनी मान हलवली. "एकदा लिवलं की माझ्याजवळ ऱ्हात न्हाई, ताई. मी बी वाचूनच आठवतो." माझी एक्केचाळीस पानं त्यांना दिली. त्यात म्हातारी अजून जिवंत आहे.

१५ नोव्हें.

मु.अ. स्वतः वाचनालयात आले. वर्तमानपत्र चाळल्यासारखं केलं, मग बाजूला बोलावलं. "चौकशीत तुमाला बी बोलावलंय. तुमी एवढंच सांगा, या पुरवण्या तुमी कॉलेजात असतानी आमच्या केंद्रावरून नेल्या, तुमीच मामाला दिल्या. म्हातारा सुटंल. तुमचं काय जाते? तुमाला कुठं नोकरी हाय?"

जिल्हा परिषदेच्या लिपिकाच्या निवडयादीत माझं नाव आहे, असा जबाब दिला तर ते कटेल. त्यांना माहीत असणारच.

मी म्हटलं, आणि तुम्ही? तुम्ही जाळायला सांगितल्या, त्या मोजून जाळल्या का नाही, ते कोण बघणार होतं?

"बगा बरं मॅडम," म्हणाले, "मी तुमच्या मामाच्याच भल्याचं बोलून राहिलो."

घरी बाबांना सांगितलं. बाबा तंबाखू मळत होते. "मानसाची भाकर गेली तुझ्या कागदानं," एवढंच म्हणाले. खोटं बोल म्हणाले नाहीत. बोलू नको असंही नाही.

२८ नोव्हें., हिंगोली

चौकशी. छोटी खोली, चार खुर्च्या. अधिकारी, मु.अ., मी. मामांना खुर्ची होती, पण मु.अ.समोर ते बसले नाहीत.

अधिकारी कोरडे. पाकीट फोडलं, पुरवण्या मोजायच्या होत्या. एकेक उलटत, शिक्के तपासत, आकडा म्हणत गेले. मग आकडा थांबला. एका पानावर थांबले. ते उलटलं. पुढचं उलटलं. मु.अ. खोकले. अधिकाऱ्यांनी वर बघितलं नाही.

मग मामांना विचारलं, "तांड्याने त्या म्हातारीला मधेच ठेवलं? कुठल्याच ग्रहावर नेलं नाही?"

मामा म्हणाले, "फुडं हाय, साहेब. दोन पुरवण्या झाल्यावर."

साहेबांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि दोन पुरवण्या मोजून पुढे गेले. वाचलं. इतक्या महिन्यांत, माझ्याशिवाय, हा एक माणूस तिथपर्यंत पोचला. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी मामांकडे.

मग साहेबांनी पानं सारखी केली, पाकिटात घातली, मेणबत्ती पेटवायला सांगितली. लाख ओतली, शिक्का मारला.

मला आज काही विचारलं नाही. वेळ संपली म्हणाले. पुढच्या तारखेला आधी माझा जबाब. तारीख कळवतील.

खाली आवारात मामा म्हणाले, "वाचलं बरं त्यांनी." मग, "तुमी काय सांगनार, ताई?"

मला माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.