दहाव्या फेरीतला सत्ताविसावा सेकंद

खैरीटोला, ता. सिंदेवाही
९ मे २००४

प्रिय भूपेश,

तुझं पत्र येऊन आज एकोणीस दिवस झाले. उत्तराला इतका उशीर का झाला ते शेवटी कळेलच, पण आळस नव्हता. रोज दुपारी कागद घेऊन पडवीत बसायचो आणि उन्हाचं निमित्त काढून उठायचो. ऊनही तसंच आहे म्हणा, सकाळी नऊलाच अंगण भाजतं. वच्छला काल वैतागली. म्हणाली, "एक पत्र लिवाले येवढे दिवस? इमानातून उड्या मारत होते, अन् इथी कागदाले भेऊन राह्यले." बावीस वर्षं फौजेत राहिलो, पण तिच्यासमोर बचाव कधी जमला नाही.

तुझं पत्र इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटायला आलंय. नागपूरच्या पॅराशूट क्लबानं नवा संघ बांधायला घेतला आणि कॅमेरा शिकवायला तुलाच बोलावलं, हे वाचून मला किती बरं वाटलं! आणि पुढच्याच ओळीत तू लिहितोस की मेअखेर नकार कळवणार आहेस. ज्याच्या कॅमेऱ्यापायी स्वतःच्या संघाचं सुवर्ण गेलं, त्यानं पोरांना काय शिकवायचं, असं तुझं म्हणणं. आणि खाली बारीक अक्षरात तो प्रश्न. दहाव्या फेरीची टेप तू अजून पाहतोस, सत्ताविसाव्या सेकंदाला मिथुनच्या घोट्यावर अंकुशचा हात तुला दिसतो असं वाटतं, पण उस्तादांना दिसला नाही म्हणजे खोट तुझ्याच डोळ्यांत असणार. तर उस्ताद, खरं काय ते सांगा. एवढंच विचारलंस. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा विचारलंस.

परवा माझा साळा डोमा येऊन बसला होता. त्याला तुझ्या पत्राबद्दल सांगता सांगता सगळा खेळच सांगावा लागला. चार गडी विमानातून साडेदहा हजार फुटांवरून उडी घेतात, पाचवा कॅमेरावाला त्यांच्या डोक्यावर. बाहेर पडल्यापासून पस्तीस सेकंद मोजायचे, छत्री त्यानंतर उघडायची. तेवढ्या वेळात चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या आकृत्या ओळीनं करायच्या. हात, पाय, जो जिथं धरायचा तो तिथंच धरायचा, मग सोडायचा आणि पुढची आकृती. जितक्या पुऱ्या झाल्या तितके पॉइंट. डोमाला वाटत होतं पंच मान वर करून आभाळाकडे बघतात. त्याला म्हटलं, बाबा रे, पंच तंबूत टीव्हीसमोर बसतात. कॅमेऱ्यानं आणलं तेवढंच त्यांच्यासाठी घडलं. पकड दाखवणं हे संघाचं काम, ती असावी असा अंदाज करणं हे पंचाचं काम नाही. टेप फार तर तीनदा पाहायची. डोमानं जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे मासा गवसला, पन कोनं पाह्यला नाई, तं तो गवसलाच नाई?" मी हो म्हटलं. "मंग असा कायदा कोन केला?" तो म्हणाला आणि तंबाखू मळत बसला.

कायदा चांगला आहे, भूपेश. तुम्हा पोरांना मीच तो घोकायला लावला होता. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात तुम्ही पाचही जण रजेत इथं येऊन राहिलात, ते दिवस आठवतात? तळं आटलं होतं आणि भेगाळलेल्या तळाशी मी तुम्हाला सकाळ-संध्याकाळ त्या आकृत्या जमिनीवर चालत करायला लावायचो. तुझ्या हेल्मेटवर मानेला सवय व्हावी म्हणून वीट बांधली होती. उरल्या डबक्यात मासे धरायला आलेली बुधरी टोपली खाली ठेवून ओरडली होती, "मोठे मोठे मानसं फुगडी खेळून राह्यले, बाई!" मग आठ दिवस गावभर तुमचं नाव फुगडीवाले. अंकुश तेवढा हसला नाही. तो त्याच्या आईनं, सोमारीबाईनं, एटापल्लीहून दिलेली चारोळी खिशातून काढून एकेक दाणा खायचा आणि विचारायचा, "उस्ताद, मी घोटा धरला अन् भूपेशले दिसला नाई तं?" मी म्हणायचो, भूपेशला दिसेल अशी जागा ठेव, बाकी त्याच्यावर सोड. आणि त्यानं सोडलं. तिथपासून डिसेंबरपर्यंत तुझा कॅमेरा एकदाही चुकला नाही, हे माझ्या वहीत आहे.

गुडघे आता जवळजवळ संपलेत. डावा वाकत नाही, उजवा वाकला की सरळ होत नाही. गावात कबड्डी असो की बैलांची शर्यत, पोरं बोलवायला येतात; फौजेत पंच होते म्हणे. मी जात नाही. लोकांना वाटतं गुडघ्यांमुळे. एक काम मात्र टाळता आलं नाही. गेल्या रविवारी तळ्यातली शेवटची मासोळी काढली आणि मच्छीमार संस्थेच्या लोकांनी वाटे घालायला मला बसवलं, कारण आधी माझा बाप घालायचा.

आमच्याकडची रीत तुला माहीत नसेल, तू कॉलनीत वाढलेला. काठावर ओल्या गवतावर घरागणिक मासोळीचे ढीग लावतात आणि वाटे घालणारा आपला ढीग सगळ्यांत शेवटी उचलतो. बाकीचे उचलून झाल्यावर जो उरेल तो. माझा बाप त्याच्याही पुढचा. आपल्या ढिगात तो आधीच काटेरी, बारकी मासोळी टाकून ठेवायचा, म्हणजे बोलायला कोणाला जागाच नको. मरळ आमच्या घरी कधी शिजली नाही. आई चिडायची, आम्ही पोरं रडायचो, आणि तो म्हणायचा, "वाटनाऱ्याच्या घरी मरळ शिजली तं वास गावभर जाते." मला त्याचा फार अभिमान होता. न्याय म्हणजे हेच, असं समजत मोठा झालो आणि तेच घेऊन फौजेत गेलो.

त्या डिसेंबरमध्ये स्पर्धेला पंच कमी पडले म्हणून मला बसवलं. माझीच पोरं उतरताहेत हे मी मुख्य पंचांना सांगितलं होतं. ते म्हणाले, बसा, पाचवा माणूस आणू कुठून? नऊ फेऱ्या नीट गेल्या. तुम्ही आणि समोरचा संघ बरोबरीत. दहावीत ते आधी उडाले, त्यांचे अकरा झाले. तुमची टेप यायची होती, तेवढ्यात चहाच्या टेबलावर कोणीतरी हसत हसत म्हणालं, "अब तो उस्ताद के अपने ही लड़के हैं, नंबर की क्या चिंता!" सगळे हसले, मीही हसलो. चहा अर्धा ठेवून आत गेलो.

तुमचे दहा धरले. सत्ताविसाव्या सेकंदाच्या आकृतीवर पाचांपैकी तिघांनी लिहिलं, "पकड दिसत नाही." तंबूबाहेर तुम्ही पाचही जण उभे होतात आणि तुम्हाला सांगायला मीच आलो. मी काय म्हणालो ते तुला पाठ असणार. "कॅमेरा घसरला." दोनच शब्द. तू हेल्मेट काढून छातीशी धरलंस. अंकुश तुझ्याकडे न पाहता म्हणाला, "दिसलं नाई तं नाई, चाला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण तुला त्यानंतर त्याच्याशी बोलता आलं नाही. त्याच्या लग्नाला तू गेला नाहीस. मी गेलो होतो. सोमारीबाईनं मांडवात मला तीनदा विचारलं, "तो कॅमेऱ्याचा पोरगा काऊन नाई आला?" मी म्हणालो, रजा मिळाली नसेल. दुसऱ्या वर्षी तू उड्या सोडल्यास. मी तुला थांबवायला एक ओळही लिहिली नाही, आणि तुला वाटलं उस्तादांनीही तोंड फिरवलं.

तर रविवारी वाटे घालायला बसलो आणि सवयीनं माझ्या ढिगात बारकी मासोळी टाकायला लागलो. वच्छला मागे उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तुमचा वाटा तुमी टाका खुशाल, पन याच्यात डोमाच्या पोराईचा बी हाय, तो काऊन बुडवता?" डोमाचं घर यंदा आमच्याच ढिगात धरलंय, ते मी विसरलो होतो. हातातली मासोळी मी परत ठेवली आणि पुढचे वाटे दुसऱ्याला घालायला सांगून घरी आलो. तेव्हापासून जेवण नीट जात नाही. बापानं आयुष्यभर सोडला तो त्याचा स्वतःचा वाटा होता. मी त्याची नक्कल केली आणि तुमचा सोडला.

आता लिहितो, म्हणजे पुन्हा उठायला नको. त्या तिघांपैकी तिसरा मी होतो. दोघांनी पॉइंट दिला होता, दोघांनी नाही, निकाल माझ्या कागदावर फिरला. निकाल वाचल्यावर पंधरा सेकंदांत कोणाही पंचाला हात वर करून तेवढाच भाग पुन्हा पाहू असं म्हणता येतं, हा नियमही तुम्हाला मीच शिकवला होता. त्या दिवशी मी ते पंधरा सेकंद मनात मोजले आणि हात मांडीखाली दाबून बसलो. सुवर्ण तुमचंच होतं असं म्हणत नाही. बरोबरी झाली असती, अकरावी उडी झाली असती, पुढचं देव जाणे. पण ती उडी तुमची होती. मुख्य पंचांना मी काल हेच लिहून टाकलं. गुरुवारच्या बसनं एटापल्लीला जातोय, अंकुशला हे तोंडानंच सांगायला हवं. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही, त्याला फार उशीर झाला. तू क्लबाला होकार कळवावास म्हणून लिहितोय. तुझा कॅमेरा घसरला नव्हता, भूपेश. मिथुनच्या घोट्यावर तुला अंकुशचा हात दिसतो ना? मलाही दिसला होता, त्याच दिवशी, पहिल्याच वेळी.

तुझाच,
लटारू उस्ताद