पिवळा की हिरवा

प्रिय कोरल,

त्या मंगळवारी सकाळी फाटकाबाहेर पाऊल टाकते न टाकते तोच शेजारची स्टाव्रूला तिच्या खिडकीतून ओरडली, "नोरीन, आज पिवळा की हिरवा गं?" मी म्हटलं, "पिवळा!" आणि आमचा कचऱ्याचा डबा ओढत उताराला लागले. गवतावर दव गोठलं होतं, हातमोजे सापडले नव्हते, खांदा रात्रभर ठणकत होता. मग परत वर येऊन तिचा नेला, मग पलीकडच्या ट्रेव्हरचा, मग पुढच्या घरांचे.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही ते या डब्यांमुळेच. तुझ्या शेजारची खोली रिकामी झाली, राहायला ये म्हणतेस. मी गेले तर हे कोण करणार, एवढ्यावरच माझं घोडं अडलेलं. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी वळत नाही, सगळं खालच्या कोपऱ्यावर न्यावं लागतं. लाल झाकणाचा डबा दर आठवड्याला. पण जोडीला कागद-बाटल्यांचा पिवळा की पालापाचोळ्याचा हिरवा, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. सगळे माझ्या डेसने कुठला डबा बाहेर काढलाय ते बघायचे आणि तोच आपल्या दाराशी आणून ठेवायचे. एकदा स्टाव्रूलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने तिचे डबे खाली नेले. मग सगळ्या म्हाताऱ्यांचेच न्यायला लागला. मी चिडवायचे, "पगार किती देतात रे?" तो म्हणायचा, "संत्र्याचा मुरंबा." तो खरंच मिळायचा, आणि फार कडू असायचा.

त्याला पुरलं त्या दिवशीही मंगळवार होता. काळ्या कपड्यांतच मी डबे खाली नेले. कुणी सांगितलं नव्हतं. ते करताना रडू येत नव्हतं, म्हणून पुढच्या आठवड्यातही नेले. वाचनालयातून आणते त्या पुस्तकांतल्या विधवा एक तर झुरून मरतात, नाही तर जगप्रवासाला निघतात. डबे ओढणारी मला अजून भेटलेली नाही.

तर त्या मंगळवारी गाडी आली, लाल डबे रिकामे केले आणि पिवळे तसेच सोडून गेली. आठवडा हिरव्याचा होता. माझी चूक, आणि सगळ्या गल्लीने माझं बघून तीच केलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रेव्हर कुंपणावर रेलून म्हणाला, "तू चुकणार नाहीस बाई, गाडीच चुकली असेल!" मला हसूही आलं नाही. डबे वर आणायची ताकद नव्हती, तिथेच राहू दिले.

दुपारी स्टाव्रूलाने हाताला धरून घरात नेलं. कॉफी केली. कपातला गाळ खाली बसू दिला. मग म्हणाली, "अगं वेडे, कुठला डबा कधी ते माझ्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. ट्रेव्हरच्याही. डेस गेल्यावर तू दार उघडेनाशी झालीस, म्हणून मी खिडकीतून विचारायला लागले." मी म्हटलं, "मग आज सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "तू एवढ्या थंडीत पिवळा घेऊन निघालीस. तुला एकटीलाच चुकू द्यायचं होय? ट्रेव्हरला फोन केला, त्याने पुढच्यांना. म्हटलं, निमूटपणे पिवळाच काढा."

कोरल, मला राग यायला हवा होता. आला नाही. मी समजत होते, मी या लोकांना सांभाळतेय. नुसतं फार दमल्यासारखं वाटलं, आणि तिच्या स्वयंपाकघरातच मी डेससाठी रडले. तिने भांडी घासायला घेतली, मागे वळून पाहिलं नाही.

ती खोली अजून रिकामी असेल तर माझ्यासाठी ठेव. एवढंच लिहायचं होतं, लांबलं. तिथे काय करेन ते माहीत नाही. पहिले काही दिवस झोपेन बहुतेक. निघतेय हे मी इथे अजून कुणाला बोलले नाही, पण त्यांना कळलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली कोपऱ्यावर गेले, त्या सगळ्या डब्यांतून पहिल्यांदाच फक्त आमचा वर आणला आणि फाटक लावून घेतलं.

तुझीच,
नोरीन