यात काय खटकतं?

सोमवार, ३ तारीख

मी जज! ग्रुपमध्ये येऊन महिना नाही झाला आणि मागच्या फोटो चॅलेंजमध्ये माझा फोटो पहिला आला. इथली पद्धत अशी की जो जिंकतो तो पुढच्या वेळचा जज, थीमही त्यानेच द्यायची. मी थीम दिली 'दुपार'. दादा म्हणाला, पासपोर्टच्या फोटोत डोळे मिटणारी बाई जज, धन्य आहे. जळतोय नुसता. आम्ही दोघं नुकतेच या फ्लॅटमध्ये राहायला आलोय. तो घरूनच काम करतो, दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन लांबलचक पाय पसरून बसलेला असतो, त्यामुळे टोमणे मारायला त्याला वेळच वेळ.

ग्रुप चालवणाऱ्यांना सगळे ट्रायपॉडकाका म्हणतात. काय गोड माणूस! सर्टिफिकेट पोस्टाने पाठवतो म्हणाले, म्हणून पत्ता दिला. नियम दोनच. जजने प्रत्येक फोटोखाली एक आवडलेली गोष्ट लिहायची आणि एक खटकलेली. मग ज्याला सुधारायचंय त्याने निकालाआधी तोच फोटो परत काढायचा. एडिट नाही, क्रॉप नाही. काका म्हणाले, आमच्याकडे कात्री चालत नाही बेटा, जे सुधारायचं ते जागेवर जाऊन.

किती भारी ना? निकाल रविवारी चार वाजता.

बुधवार, ५

अकरा फोटो आले. एका फोटोत गल्ली, सायकल धरून उभा एक माणूस, भिंतीवर मस्त सावल्या. पण सायकलवाल्याच्या डोक्यातूनच मागचं झाड उगवल्यासारखं दिसतं. तसं लिहिलं. दुसऱ्यात बागेतला बाक, कडक ऊन, बाकाच्या टोकाला डुलक्या घेणारे एक आजोबा. लिहिलं की नजर सारखी आजोबांकडे जाते, ते नसते तर बाक जास्त एकटा वाटला असता. चाळीस लाइक! दादा म्हणतो, ते तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत. चढवू दे की.

गुरुवार, ६

गल्लीचा फोटो परत आला. झाड नाही. ताजा पांढरा बुंधा आहे आणि त्याच्याभोवती भुसा.

मी लिहिलं, अहो, दोन पावलं डावीकडे सरकला असतात तरी चाललं असतं. सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. काका म्हणाले, सरकणं म्हणजे पळवाट. दादा म्हणतो, ही माणसं कामातून गेलेली आहेत, ग्रुप सोड. पण निकाल तर द्यायला हवा ना. जज आहे मी.

शुक्रवार, ७

बाक आला. तीच जागा, तेच ऊन. आजोबा नाहीत. काठी खाली पडलीये. आणि एक चप्पल.

मी विचारलं, आजोबा उठून जाईपर्यंत थांबलात का? फोटोवाल्याने लिहिलं, छे, थांबलो असतो तर ऊन गेलं असतं. मग ते आहेत कुठे, विचारलं. फोटोबाहेर, म्हणाला. आता काठी खटकत असेल तर सांगा, म्हणाला, तीही उचलतो.

दादाला घेऊन पोलीस चौकीत गेले. हवालदाराने विचारलं, बाग कुठली, गाव कुठलं, या लोकांची खरी नावं काय. मला एकही सांगता आलं नाही. तो म्हणाला, अहो ताई, बाकावर माणूस बसलेला नाही, ही तक्रार मी लिहू तरी कशी?

शनिवार, ८, सकाळ

सगळ्या फोटोंखाली लिहिलं, काहीच खटकत नाही, सगळे पहिले. आणि ग्रुप सोडला.

पाच मिनिटांत फोनवर मेसेजचा पाऊस. भित्री. फुकटची जज. आजोबा खटकले तेव्हा बरं तोंड वर करून लिहिलंस? एकाने लिहिलंय, नजर तुझी, हात आमचे.

ब्लॉक केलं तर दुसऱ्या नंबरवरून. काका अजून गोडच. प्रत्येक फोटोत काहीतरी खटकतंच बेटा. जज सांगत नसेल तर मतदान घेतो. तुझ्यासाठी एक शेवटचा फोटो पाठवतोय.

शनिवार, दुपार

आमची खोली. समोरच्या गच्चीवरून काढलेली. दादा खुर्चीत. मी टेबलाशी, हातात ही वही. अंगावर आजचाच ड्रेस.

खाली लिहिलंय, यात काय खटकतं?

पडदा ओढला. लगेच मेसेज. पडदा आम्हाला खटकला.

रविवार, ९, सकाळ

पडदा नाहीये. नुसता दांडा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

दादा गाडी काढायला गेला आणि उलट्या पावली परत आला. जिन्यात तिघं उभे आहेत, गळ्यात कॅमेरे. हसून नमस्कार केला म्हणे. बाजूला मात्र झाले नाहीत. पोलिसांना फोन केला. माणूस पाठवतो म्हणाले. दोन तास झाले.

३.४०

काकांनी मला परत ग्रुपमध्ये ओढलंय. मतं पडायला लागली. नऊ जणांनी लिहिलंय, खुर्चीतला माणूस. काका म्हणतात, चारपर्यंत जजने सांगितलं तर जजचा शब्द मोठा. नाहीतर मतं.

फोटो परत बघितला. आईशप्पथ, नजर दादाकडेच जाते. ते पसरलेले पाय. तो नसता तर खिडकीचं ऊन सरळ — हे मी काय —

३.५२

पाठवलं. टेबलाशी बसलेली मुलगी खटकते. बाकी फोटो उत्तम. बाकी कशालाही हात लावायचा नाही.

३.५४

टाळ्या. सगळ्यांच्या. काका म्हणतात, आता खरी जज झालीस. उजेड छान आहे, लगेच परत काढतो. तेवढं दादाला खुर्चीतून हलू देऊ नकोस. फ्रेम बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून मतदान.

दादाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो —

३.५८

बेल. दादाला वाटतंय पोलीस आले — बस म्हणतेय मी — दार मी उघडते, तू बस ना दादा, हलू नको — तो लॅपटॉप खाली ठेवतोय — बस — अरे, तो उठ