एकोणिसाव्या चित्रातली बाई

अण्णा, तुमच्या मागे राहिलेली तुमची चित्रं न्यायला आज अकरा वाजता संग्रहालयातली मुलगी येणार आहे, आणि सगळी चित्रं फक्त माझ्या वडिलांच्या हातची आहेत, असं लिहिलेल्या कागदावर मला सही करायची आहे. ती करवत नाही म्हणून लिहायला बसले. दोनदा उठून फाटकापर्यंत जाऊन आले.

आठवडाभर तुम्ही ऑफिसात सरकारी इमारतींचे नकाशे काढायचात आणि रविवारी सकाळी राजाजीनगरहून पहिली बस धरून मला जुन्या बाजारात, चिक्कपेटेत न्यायचात. तुम्ही घडीच्या स्टुलावर, मी छत्री धरून. समोर स्कूटर, विजेचे खांब, सिनेमाच्या जाहिराती. कागदावर मात्र शंभर वर्षांपूर्वीची गल्ली. बैलगाड्या, टांगा, हमाल, पगडीवाला कापडव्यापारी. कोणीतरी वाकून बघतो, विचारतो, इथे टांगा कुठाय सार? तुम्ही मान वर न करता म्हणता, "स्वल्प थांबा, येतोय." जुन्या फोटोत सापडल्याशिवाय एक माणूसही तुम्ही त्या गल्लीत येऊ देत नव्हतात. मी हौसेने कोपऱ्यात कुत्रं काढलं, तर सगळ्यांदेखत हातातली पेन्सिल काढून घेतलीत. "पुरावा नाही ते काढायचं नाही."

कॉलेजात गेल्यावर मी विचारलं, तुमच्या पेटेत एकही बाई कशी नाही, पाणी कोण भरत होतं? फोटोत सापडली की काढीन, म्हणालात. मी चिडले. तुम्ही ऑफिसात असताना एकोणिसाव्या चित्रात, विहिरीकडून येणारी, कमरेवर घागर घेतलेली बाई काढली. मऊ पेन्सिलीने, दाबून. तुम्ही ते चित्र पुरं केलंत, फ्रेम करून हॉलमध्ये उंचावर लावलंत, चकार शब्द बोलला नाहीत. तेव्हा तुमचे डोळे अधू होत चालले होते. दिसलं नसेल, असं मी धरून चालले. पुढे मास्तरीण होऊन दुसऱ्यांच्या मुलींची खाडाखोड पकडत राहिले आणि त्या भिंतीकडे बघायचं टाळत राहिले.

संग्रहालयातली मुलगी आधी चित्रं बघायला आली तेव्हा तिला नेमकं तेच आवडलं. या एका बाईमुळे गल्ली खरी वाटते, मॅडम, असं म्हणाली. मी नुसतं "सरी", बरं, म्हटलं.

आज सकाळी फ्रेम उतरवली, काच काढली. बाई खोडता येते का ते पाहायला. भिंग धरलं तर तिच्या पायाशी सावली. मी सावली काढली नव्हती, मला ती जमतच नसे. सावल्या तुम्ही सर्वांत शेवटी, घरी बसून, कडक पेन्सिलीने घालायचात. बारीक तिरक्या रेघा, सगळ्या एकाच दिशेला. हिचीही तशीच, घागरीच्या गोलाईसकट.

मग बोलला का नाहीत? माझी प्रत्येक चूक चारचौघांत सांगणारा माणूस इथेच का गप्प बसला?

दोन वाजले. संग्रहालयातली मुलगी येऊन गेली. सही करण्याआधी तिला सगळं सांगितलं. वर विचारावं लागेल, चित्र परतही येईल, म्हणाली. येऊ दे म्हटलं.

एक कबूल करते. तुम्हाला फसवलं याचा मला आतून अभिमान होता. तो गेला, त्याचं थोडं वाईट वाटतंय. हे पत्र माझ्याजवळच राहील.

दिलं ते असं: चित्रं बत्तीस. घडीचं स्टूल एक. एकोणिसाव्याच्या मागे चिठ्ठी – बाई मुलीने काढली, सावली वडिलांनी.