राहते घर, विनाअट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा चर्चच्या ऑर्गनचे सूर लावणे व दुरुस्ती, हे माझे तिसरे आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. त्यात गुडघ्यांबद्दल आणि छातीबद्दलही बरेच लिहिले आहे, ते वाचून कोणाचे काही भले होणार नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतके जवळ आता कोणी उरलेले नाही.

याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात मी माझ्या मुलीचा उल्लेखच केला नव्हता. दुसऱ्यात केला, आणि तो न करण्यापेक्षा वाईट होता.

कलम १. राहते घर : खाली कामाची खोली, वर दोन खोल्या, मागे न्हाणीघर आणि पत्र्याची पडवी. हे सर्व माझ्या एकुलत्या एका मुलीला. घरात आम्ही तिला चिंगी म्हणत होतो, इथेही तेच लिहितो. खरे नाव वकीलबाईंच्या कागदात आहे. घर तिला विनाअट द्यायचे आहे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, कुलूप लावून विसरून जावे. किल्ली देताना तिला कोणी काहीही विचारू नये.

इतके बजावून लिहिण्याचे कारण सांगतो. दुसऱ्या मृत्युपत्रात मी असे लिहिले होते की घर मी मुलीला प्रेमापोटी बक्षीस देतो, मात्र तिने पुन्हा चर्चला यायला लागावे आणि पाद्रीसाहेबांनी तसा दाखला द्यावा. न आल्यास घर पुतण्याला जावे. वकीलबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, एका ओळीत बक्षीस म्हणता आणि पुढच्या ओळीत अट घालता. दोन्ही एकदम कसं चालेल?"

"का नाही चालणार? घर फुकटच आहे. तिने फक्त घ्यायचं."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर तिचं ती बघेल."

"मग हे बक्षीस नाही हो, काका. ही धमकी आहे, चांगल्या कागदावर लिहिलेली."

मला राग आला. काल शाळेतून सुटलेली पोरगी मला शिकवते, असे मनात म्हणत मी कागद उचलला आणि जिना उतरू लागलो. मधल्या वळणावर पाय थांबले. हे बोलणे मी आधी ऐकले होते. चिंगी सतरा वर्षांची असताना जेवता जेवता म्हणाली होती, "बाबा, देवाची माफी फुकट आहे म्हणता, आणि घेतली नाही तर कायमचं जाळणार म्हणता. हे कसलं फुकट?" मी तिला ताटात लक्ष दे म्हणून सांगितले होते. त्या जिन्यात मी बराच वेळ बसून राहिलो. वर जाणाऱ्या एका बाईने बरे वाटत नाही का म्हणून विचारले, तेव्हा उठलो.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या दफनाचा खर्च करावा. उरेल ते पुतण्याला. तो मनाने वाईट नाही, पण गेली सहा वर्षे दर भेटीत भिंतींवर टकटक करून पाहतो, हे माझ्या कानातून सुटलेले नाही. त्याला घर मिळणार नाही हे त्याने इथे वाचून खाली बसून घ्यावे. माझी कबर माझ्या बायकोच्या शेजारी असावी. दफनाच्या वेळी ऑर्गन वाजवू नये.

कलम ३. निळ्या पुठ्ठ्याची वही. ही हल्लीच्या पाद्रीसाहेबांना द्यावी. त्यांनी तिच्यात उत्तरे लिहू नयेत.

चिंगी घर सोडून गेल्यावर तिचे प्रश्न मागे राहिले, ते मी या वहीत उतरवून काढले. मग चौदा वर्षे, दर शुक्रवारी, जुन्या पाद्रीसाहेबांबरोबर ती घेऊन बसत होतो. देव तीन आणि देव एक, हे कसे? देव चांगला आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, तर मग दवाखाने कशाला? साहेबांचा मोठा आधार म्हणजे 'हे गूढ आहे' हा. मी म्हणत असे, "साहेब, माझ्या ऑर्गनमधून हवा गळायला लागली तर मी लोकांना गूढ आहे म्हणून सांगू का?" ते हसत आणि चहा मागवत. माणूस भला होता. तो गेला तेव्हा मी सख्खा भाऊ गेल्यासारखा रडलो.

त्यांचे एक उत्तर मात्र मला फार पटले होते. मी विचारले होते, देवाला सगळे आधीच ठाऊक असते, तर जे नरकात जाणार त्यांना त्याने घडवलेच कशाला? ते म्हणाले, "ठाऊक असणं वेगळं आणि करणं वेगळं. उद्या सूर्य उगवणार हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून काय तो तुम्ही उगवता?" या एका उत्तरावर मी कित्येक वर्षे शांत झोपलो. ते मला एवढे का पटले, हे शेवटच्या कलमात येईल.

कलम ४. चर्चचा ऑर्गन. तो माझा नाही, पण त्याचे सूर माझे आहेत, म्हणून त्याबद्दल लिहिण्याचा मला हक्क आहे.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी : एका स्वरावरून त्याचा पंचम अगदी शुद्ध लावायचा, त्या पंचमावरून पुढचा पंचम, असे बारा वेळा केले की माणूस सुरुवातीच्या स्वरावर परत यायला हवा. येत नाही. केसभर पुढे जातो. यात लावणाऱ्याची चूक नसते, हिशेबच तसा आहे. ही केसभर जास्तीची चूक कुठेतरी ठेवावी लागते. जुनी पद्धत अशी की स्वर आणि त्याचा पंचम अशा अकरा जोड्या शुद्ध ठेवायच्या आणि सगळी चूक बाराव्या जोडीत ढकलायची. ती जोडी वाजवली की विव्हळते, म्हणून आम्ही तिला लांडगा म्हणतो. लांडग्यावर कोणी बोट ठेवायचे नाही, एवढे पाळले की बाकीचे सूर स्वर्गासारखे लागतात. नव्या पद्धतीत ही चूक बाराही जोड्यांत थोडी थोडी वाटून टाकतात. मी आयुष्यभर जुन्या पद्धतीने लावले. लोक म्हणायचे, आपल्या ऑर्गनसारखा गोडवा कुठे नाही.

चिंगीला वाजवायला मीच शिकवले. बारा वर्षांची झाल्यापासून दर रविवारी तीच वाजवत असे. लांडगा कुठे बसतो ते तिला पहिल्या दिवशी दाखवून ठेवले होते.

माझी बायको अकरा महिने आजारी होती. रोज संध्याकाळी चर्चमधली माणसे आमच्या वरच्या खोलीत दाटीवाटीने बसून प्रार्थना करत. ती गेली त्या सकाळी चिंगीने मला विचारले, "प्रार्थनेने देवाचं मन बदलतं का, बाबा? बदलत असेल तर त्याचं आधीचं चुकलं होतं. बदलत नसेल तर आपण अकरा महिने काय करत होतो?" ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि दोन दिवस जेवली नव्हती. मी म्हणालो, "आज नको." एवढेच म्हणालो. तिला जवळ घेतले असते तर हा कागद वेगळा झाला असता.

अंत्यविधीला पाद्रीसाहेब म्हणाले की सर्वांच्या प्रार्थना ऐकल्या गेल्या आहेत. मग गीत सुरू झाले, आणि चिंगीने ते अर्ध्या स्वराने वर चढवले. मी पहिल्या बाकावर होतो. दुसऱ्या ओळीत काय येणार ते मला कळले. लांडगा आला. तिने बोट उचलले नाही. भर चर्चमध्ये, शवपेटीसमोर, तो सूर विव्हळत राहिला आणि माणसे गायची थांबून एकमेकांकडे बघू लागली. मी उठलो, ऑर्गनजवळ गेलो आणि पट्ट्यांवरचे जाड लाकडी झाकण खाली आदळले. तिच्या डाव्या हाताची दोन बोटे त्याखाली सापडली. ती पुन्हा सरळ झाली नाहीत.

त्याच दुपारी ती पट्टी बांधलेल्या हाताने पिशवी उचलून गेली. दारात म्हणाली, "लांडगा तुम्हीच पाळला होता, बाबा. मी फक्त त्याला ओरडू दिलं." ह्या गोष्टीला एकतीस वर्षे झाली. ती मला पत्र लिहीत नाही. शेजारच्या चष्मेवाल्यांना वर्षातून एक कार्ड येते, त्यावर एकच ओळ असते : "अजून आहेत का?" ते उत्तर पाठवतात : "आहेत." या खेपेला उत्तर बदलेल, त्याबरोबर त्यांनी घराची किल्ली आणि या कागदाची नक्कल पाठवावी.

ऑर्गनचे सूर आता नव्या पद्धतीने लावून घ्यावेत. माझ्या कानाला तो प्रकार कधी रुचला नाही, एकही जोडी धड शुद्ध राहत नाही. पण त्यात कुठल्याही पट्टीवर बोट ठेवायला कोणाला भ्यावे लागत नाही.

कलम ५. हत्यारे : पितळी शंकू, चिमटे, भात्याच्या चामड्याचे तुकडे, जे जे भिंतीवर टांगलेले आहे ते, सूर लावायला जो कोणी नवा येईल त्याला. नादकाटाही त्यालाच. तो चिंगीला ठेवावा असे एकदा मनात आले होते. तिची बोटे आठवली आणि खोडले.

कलम ६. विश्वासाबद्दल. पुतण्या सगळीकडे सांगतो की काकांचा देवावरचा विश्वास उडाला. तसे नाही. मी अजून दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसतो आणि माझे ओठ हलतात. बारा पंचम जुळत नाहीत हे ठाऊक असूनही मी पन्नास वर्षे सूर लावले, तसेच हे आहे. पण जुळते असे यापुढे मी कोणालाही सांगणार नाही. तिला सांगत राहिलो, ते चुकले.

कलम ७. दुरुस्ती. मृत्युपत्रात खोटे ठेवून जाता येत नाही, म्हणून हे लिहितो. एकतीस वर्षे मी सर्वांना सांगत आलो की रागाच्या भरात झाकण पडले आणि तिचा हात तिथे आहे हे मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांना हेच सांगितले, पाद्रीसाहेबांना हेच सांगितले. ठाऊक असणे वेगळे आणि करणे वेगळे, हे त्यांचे उत्तर मला गोड लागले ते याचसाठी. पण सूर्य काही माझ्या हातात नव्हता. झाकण होते. ज्याच्या हातात झाकण आहे आणि ज्याला सगळे दिसते आहे, त्याला ही पळवाट नाही. वर जो कोणी आहे त्याचे तो बघेल. माझ्यापुरते मी कबूल करतो.

चिंगीने क्षमा करावी असे मी इथे दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा खोडले, कारण लिहिले की ती अट होते. घर तिचेच आहे.

तिच्या त्या डाव्या हातात तिच्या आईची अंगठी होती. आजारात बोटे बारीक झाली तेव्हा अंगठी गळून पडू नये म्हणून तिच्या आईने आतून पांढरा दोरा गुंडाळला होता. झाकण खाली आणण्याआधी तो दोरा मला दिसला होता.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे आणि खरा आहे.

ठिकाण : राहते घर, खालची कामाची खोली
वेळ व दिवस : गुरुवार, नऊ तारीख, दुपारचे चार

सही : सूर लावणारा, चिंगीचा बाप

आमच्या समक्ष त्यांनी सही केली. शेवटचे कलम त्यांनी हाताने झाकून धरले होते, ते आम्ही वाचलेले नाही.

साक्षीदार १ : शेजारचे चष्मेवाले
साक्षीदार २ : वकीलबाई