थैलीतली झाकली मूठ

तोलेन, ९ नोव्हेंबर

प्रिय यान्नाताई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. इकडे सगळे ठीक. कांदा वखारीत भरून झाला, भावही बरा आहे. ग्रोनिंगनला थंडी पडली असेल, गुडघ्याला जप.

तुझ्या कानावर गेलंच असेल: चर्चच्या मंडळीचा पंच म्हणून माझं नाव निघालंय. अभिनंदनाचं पत्र टाकू नकोस. आधी हे वाच.

आपल्या देवळातली दानाची थैली आठवते ना? बंद मूठ आत घालायची, रिकामी बाहेर काढायची. सेंट टाकला की शंभराची नोट, शेजाऱ्यालाही कळत नसे. या उन्हाळ्यापासून फोनवरूनही दान देता येतं. क्राइननं आणलं ते. शाळेत माझी गणितं उतरवायचा तोच क्राइन, आता पंच आणि खजिनदार. इतकी वर्षं मी शेवटच्या बाकावर कुणाला दिसलो नाही. फोनवरचं दान आलं आणि दोन महिन्यांत एकदम देवभीरू ठरलो.

नावाची बातमी घेऊन तो कॉफीला आला, तेव्हा मी सरळ विचारलं, "त्यात देणाऱ्याची नावं दिसतात का रे?"

"छे. फक्त खजिनदाराला. हिशेबापुरती."

"म्हणजे देवाला आणि तुला."

हसला; पण बिस्कीट हातातच राहिलं.

मग मी फोनवरचं दान बंद केलं. तेवढ्याच नोटा मुठीत धरून थैलीत टाकू लागलो. महिन्याभरात स्वारी पुन्हा दारात.

"आद्रियान, कांद्याचा भाव पडला का?"

"नाही रे."

"मग आत्म्याचं बरं आहे ना तुझ्या?"

ताई, आधी कांदा, मग आत्मा. बाजारात जन्म गेलाय माझा, असला क्रम मला बरोबर ऐकू येतो.

ही झाली क्राइनची लबाडी. आता माझी. फोन दरवेळी विचारतो, नाव दाखवायचं की झाकायचं. मी दरवेळी 'दाखवा'वर बोट ठेवलं. चुकून नाही. त्याला विचारलं तेव्हा उत्तर मला ठाऊकच होतं. त्यानं गळ टाकला म्हणून मी गावभर सांगू शकतो, पण मासा तोंड उघडूनच बसला होता.

आपली रीत तुला माहीत आहे: नाव व्यासपीठावरून वाचतात, आणि कुणाची त्या माणसाच्या वागण्याबद्दल हरकत असेल तर त्यानं लेखी द्यायची. माझ्याविरुद्ध कोण देणार? निम्मं गाव माझ्या वखारीत कामाला. म्हणून मीच लिहिली, सही केली. कोटाच्या खिशात आहे.

नाव रविवारी वाचतील. हरकत मी सोमवारी देणार. शनिवारीही देता येते, हे मला कळतं गं. पण आपल्या घरातलं नाव त्या व्यासपीठावरून आजवर फक्त मेल्यावरच घेतलं गेलं, बाबांचं आणि आईचं. एकदा जिवंतपणी ऐकू दे.

सोमवारी संध्याकाळी फोन कर आणि विचार, दिलीस का. मी हो म्हणालो तरी लगेच विश्वास ठेवू नकोस. क्राइनला विचारून खात्री कर.

तुझ्या पहाऱ्याची गरज असलेला भाऊ,
आद्रियान