उसना महिना

भंडारा, २५ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. कमलिनी हिस अनेक आशीर्वाद.

तुझी तार मिळाली. सूनबाईला, रमाला मुलगा झाला, वजन सात पौंड. मी पंचांग उघडले. लग्न अक्षय्य तृतीयेला, वैशाखात. बाळ कार्तिकात. मध्ये सहाच महिने. सहा महिन्यांत सात पौंडांचे मूल भिलाईच्या भट्टीत तयार होत असेल, आमच्या भंडाऱ्यात होत नाही. विजय माझा एकुलता मुलगा असला तरी ८ डिसेंबरच्या बारशाला मी येणार नाही, तुझ्या वहिनीलाही पाठवणार नाही. ती रडते. रडू दे.

तू मात्र तब्येत सांभाळ.

तुझा दादा,
कृष्णराव

सेक्टर १०, भिलाई, २९ नोव्हेंबर

तीर्थरूप दादांस कमलिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पंचांग तुम्ही तीस वर्षे पाहता, म्हणून सांगायला संकोच वाटतो: यंदा श्रावण अधिक होता. तुमचे सहा महिने सात भरतात.

हे सुचले चरोद्याच्या चेऊलकरांमुळे. रेल्वेत आहेत, मूळ कोकणातले ज्यू, मराठी आपल्याहून शुद्ध. त्यांच्या जुन्या धर्मपंडितांपुढे, रब्बींपुढे, हीच पंचाईत होती म्हणे. म्हाताऱ्या साराचा मुलगा इसहाक वल्हांडणाच्या सणाला जन्मला असे त्यांनी ठरवले. पण मुलगा होईल हे देवाचे वचन मिळाले होते मांडवांच्या सणाला, आणि मध्ये सहाच महिने. मग ते म्हणाले, त्या वर्षी अधिक महिना होता. सातव्या महिन्यातले मूल जगते. त्यांच्याही पंचांगात आपल्यासारखा अधिक महिना असतो. शेजारी तरीही हसले, मूल रस्त्यावरून उचलले म्हणाले. तेव्हा देवाने बाळाला हुबेहूब बापाचा चेहरा दिला.

त्या पंडितांनी शेकडो वर्षांपूर्वीच्या बाळासाठी एक महिना शोधला. तुम्ही पाळण्यातल्या नातवाचा महिना गिळलात.

ही युक्ती घेऊन मी रिसालीला रमाकडे गेले. आता लाज वाटते. मला बाळाची काळजी होती की आपल्या घराच्या नावाची, हे रोजनिशीत तीनदा लिहूनही ठरत नाही. रमा हसली. म्हणाली, आत्याबाई, माह्या लेकराले कोनाचा उसना महिना नोको. आमी थांबलो नाही हे खरं हाय. पन लगन माघात ठरलं होतं. मामाजींनी ते कावून ढकललं, हे त्याईलेच पुसा.

दादा, माघात लाडू वळून झाले होते. तुम्हाला कुठलासा ग्रह खुपला आणि तुम्ही मुहूर्त मोडलात. तुम्ही शोधता ते महिने रमाने चोरलेले नाहीत. ते तुमच्याच खिशात आहेत. हे मी तेव्हाच बोलायला हवे होते.

बाळाचे कान तुमचे आहेत, दोन्ही बाहेर आलेले. देवाने इथल्या शेजाऱ्यांचीही सोय केली आहे.

लोभ शिल्लक असेल तर तो नातवाकडे वळवावा.

आपली,
कमलिनी

भंडारा, ३ डिसेंबर

चि. सौ. कमलिनीस आशीर्वाद.

तुझ्या रब्बींचे कौतुक मला ऐकवू नकोस. नडले की महिना घालायचा, याला विद्वत्ता म्हणत नाहीत. होते ते महिने वाया घालवणे, याला काय म्हणतात ते तू लिहिलेच आहेस; पुन्हा लिहू नकोस.

शनिवारी आम्ही दोघे निघतो. रमाला सांग, पत्रिका मीच मांडीन. तीत जन्माची वेळ लागते, लग्नाची नाही.

तुझ्या वहिनीने बाळाला टोपडे शिवले होते, कान झाकणारे. मी ते उसवायला लावले आहे. हसणाऱ्यांना कान दिसू देत.

भेटीअंती बाकीचे.

कृष्णराव